ऑफिसातल्या प्रेमाच्या चिनी मालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी चिनी मालिकांबद्दल मराठीत लिहिते आहे. त्यात ऑफिसात घडणाऱ्या प्रेमकथांबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते: कुठे बघू, नावं कशी लक्षात ठेवू, हा 'प्रेसिडेंट लू' कोण. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पहिल्यांदाच बघणाऱ्यांनी वरून सुरुवात करावी. ज्यांच्या दोनचार मालिका झाल्या आहेत त्यांनी थेट सहाव्या प्रश्नावर गेलं तरी चालेल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती पुढे बऱ्याच उत्तरांत येणार आहे. या मालिकांत कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं, तिकडे कान ठेवा. प्रेम कुठवर आलंय ते तिथे कळतं, आणि मराठी माणसाला ते इंग्रजी सबटायटलपेक्षा जास्त चांगलं कळू शकतं.

१. ऑफिसातली प्रेमकथा म्हणजे नक्की कोणत्या मालिका? सगळ्या सारख्याच असतात का?

काळ आजचा, शहर मोठं (बहुतेक वेळा शांघाय किंवा बीजिंग, कधी शेंझेन, कधी हांगचौ), आणि दोन धागे बरोबरीनं चाललेले: नोकरी आणि प्रेम. साधारण तीन तऱ्हा दिसतात. पहिली श्रीमंत, तुसड्या मालकाची आणि साध्या कर्मचारी मुलीची. अशा नायकाला चिनीत 'पाताओ त्सोंगत्साय' म्हणतात, म्हणजे अरेराव मालक. दुसऱ्या तऱ्हेत दोघंही एकाच पेशात असतात, वकील, डॉक्टर, बँकर, डिझायनर, आणि कामातली चढाओढ प्रेमात उतरते. तिसरी तऱ्हा अलीकडे वाढली आहे: नोकरीनं थकलेली माणसं शहर सोडून जातात आणि तिथे कोणीतरी भेटतं. मला स्वतःला दुसरी आणि तिसरी जास्त आवडते. पहिलीबद्दल माझं मत चौदाव्या प्रश्नात आहे.

२. एकही बघितलेली नाही. पहिली कोणती बघू?

एकच सांगायची तर 'फाइंड युवरसेल्फ' (२०२०). सोंग छ्येन आणि सोंग वेइलोंग यांची. इंटिरिअर डिझाइनच्या कंपनीतली बत्तीस वर्षांची फानशिंग आणि त्याच कंपनीत इंटर्न म्हणून आलेला, तिच्याहून दहा वर्षांनी लहान मुलगा. ऑफिसातली लपवालपवी, आईचा लग्नासाठीचा तगादा, वयात आणि पगारात शोभेल असं दुसरं स्थळ, सगळं एकाच मालिकेत भेटतं. त्यामुळे पुढच्या मालिकांची ओळख आपोआप होते.

हलकंफुलकं हवं असेल तर 'बॉस अँड मी' (२०१४). जुनी आहे, कपडे आणि फोन जुने वाटतील, पण चाओ लीयिंगनं केलेली शानशान अजून ताजी आहे. शानशानला ही नोकरी मिळते ती तिच्या दुर्मिळ रक्तगटामुळे. मालकाच्या बहिणीचाही तोच रक्तगट, आणि तिच्या बाळंतपणात शानशान रक्त देते. त्याचे आभार म्हणून मालकाच्या घरून शानशानसाठी रोज डबा येऊ लागतो, आणि त्यात रक्त वाढावं म्हणून यकृताचे पदार्थ. पुढे मालक तिला आपल्या खोलीत जेवायला बोलावतो आणि स्वतःच्या डब्यातल्या नावडत्या भाज्या तिला वेचून काढायला लावतो. भाज्या वेचणारे चॉपस्टिक, समोर गप्प बसलेला तो, आणि ही खाली मान घालून निवडतेय. एवढ्या साध्या दृश्यात हुकूमही आहे आणि सलगीही.

कामाचा ताण बघायचा असेल तर 'लव्ह इज स्वीट' (२०२०), पाय लू आणि लुओ युनशी. इन्व्हेस्टमेंट बँकेत नव्यानं लागलेली मुलगी, जिला स्वतःच्याच अश्रूंची ॲलर्जी आहे. रडूच शकत नाही अशा मुलीला अशा ठिकाणी टाकणं ही कल्पना मला फार आवडली. 'यू आर माय ग्लोरी' (२०२१) मध्ये दोघं एका ऑफिसात नाहीत. ती सिनेतारका आणि तो अंतराळ क्षेत्रातला इंजिनिअर. पण आवडीचं काम धरायचं की जास्त पगाराचं, हा प्रश्न तिथे इतका मनापासून हाताळला आहे की मी तिला याच रांगेत बसवते. आणि नोकरीचा वीट आला असेल तर 'मीट युवरसेल्फ' (२०२३). बीजिंगमधल्या हॉटेलात काम करणारी मुलगी जिवलग मैत्रीण गेल्यावर राजीनामा देते आणि युन्नान प्रांतातल्या तालीच्या परिसरात एका खेड्यात राहायला जाते. हिच्यात फारसं काही 'घडत' नाही, तेव्हा घाई असेल तर बघू नका.

३. भारतात कायदेशीरपणे कुठे बघता येतात?

नेटफ्लिक्सवर काही मोजक्या मिळतात, त्या बदलत राहतात. आशियाई मालिकांच्या 'राकुटेन विकी' या ॲपवर पुष्कळ आहेत, पण प्रत्येक मालिका प्रत्येक देशात खुली नसते. चिनी निर्मात्यांच्या अधिकृत यूट्यूब चॅनलवर इंग्रजी सबटायटलसह बऱ्याच मालिका पूर्ण मिळतात, आणि हा सगळ्यात सोपा मार्ग. हिंदी डबिंग हवं असेल तर एमएक्स प्लेअर (आता ॲमेझॉन एमएक्स प्लेअर) बघा.

टेन्सेंट या चिनी कंपनीचं वीटीव्ही हे ॲप का मिळत नाही, असं विचारणारे खूप आहेत. भारत सरकारनं नोव्हेंबर २०२० मध्ये ज्या ४३ ॲपवर बंदी घातली त्यांत ते होतं. कोणी पाठवलेली फाइल उतरवून ते फोनमध्ये घालू नका.

४. एका मालिकेचे किती भाग असतात? एवढा वेळ कुठून आणायचा?

चोवीसपासून चाळीसपर्यंत, प्रत्येक भाग साधारण पाऊण तासाचा. आपल्या दैनंदिन मालिकांसारख्या या वर्षानुवर्षं चालत नाहीत. गोष्ट आधी पूर्ण चित्रित झालेली असते आणि ठरलेल्या भागात संपते. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या प्रसारण खात्यानं सूचना काढली की मालिका ४० भागांच्या वर नको, शक्यतो ३० च्या आतच बसवा. म्हणून त्याआधीच्या मालिका लांब वाटतात आणि नंतरच्या बऱ्याच बरोबर चाळीसवर येऊन थांबतात.

रोज रात्री एक भाग बघितला तर महिना-सव्वा महिना. मी स्वतः जेवणानंतर एकच बघते. रात्रभर बसून संपवलेल्या मालिका माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, एकेक भाग बघितलेल्या नाहीत.

५. एकाच मालिकेची दोन-तीन नावं का सापडतात?

चिनी नाव एक असतं आणि परदेशासाठी इंग्रजी नाव वेगळं ठेवतात. ते भाषांतर नसतंच. 'फाइंड युवरसेल्फ'च्या चिनी नावाचा अर्थ 'पुढचं स्टेशन सुख'. 'लव्ह इज स्वीट'चा 'अर्धं मधाचं, अर्धं जखमेचं'. 'मीट युवरसेल्फ'चा 'जिथे वारा आहे तिथे जावं'. चिनी नावं जास्त सुंदर आहेत असं माझं ठाम मत आहे. शोधताना मात्र इंग्रजी नाव आणि वर्ष दोन्ही टाका, कारण सारखी इंग्रजी नावं पुष्कळ आहेत.

६. नावं लक्षातच राहत नाहीत. आणि ती म्हणायची तरी कशी?

आधी उच्चार, कारण उच्चार जमला की नाव आठवतं. चिनी नावं रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीला पिनयिन म्हणतात. ती चीननं १९५८ साली स्वीकारली. अक्षरं इंग्रजीची, आवाज चिनी. इंग्रज माणसाला ती अवघड जाते, मराठी माणसाला ती सोपी आहे, कारण चिनी भाषा जो फरक करते तोच आपण करतो: अल्पप्राण आणि महाप्राण.

'बी' दिसलं की प म्हणा, 'पी' दिसलं की फळातला फ. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. 'जे' म्हणजे चिवड्यातला च, 'क्यू' म्हणजे छ, 'एक्स' म्हणजे श. आणि 'झेड' म्हणजे चमच्यातला च! हा च हिंदीत नाही, आपल्याकडे आहे. त्या आवाजासाठी मी इथे 'त्स' लिहिते आहे, पण तुम्ही वाचताना चमचा आठवा. बीजिंगला हिंदीत कधीकधी पेइचिंग का लिहितात, तेही आता लक्षात आलं असेल.

आता नावं. आडनाव आधी येतं, बहुधा एका अक्षराचं. मग एक किंवा दोन अक्षरांचं नाव. सोंग वेइलोंगमध्ये सोंग हे आडनाव. लग्नानंतर चिनी बायका आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे आईचं आडनाव वेगळं आणि मुलांचं बहुधा वडिलांचं असतं. 'ही त्याची आई कशी, आडनाव तर दुसरंच आहे' असा गोंधळ म्हणूनच होतो. पहिल्या दोन भागांत सगळी नावं पाठ करायला जाऊ नका. नायक, नायिका, तिची मैत्रीण आणि ऑफिसातला खवट माणूस, एवढी चार पुरतात.

७. सबटायटलमध्ये 'प्रेसिडेंट लू' म्हणतात तो कोण? राष्ट्राध्यक्ष?

नाही, साहेब. चिनीत ते 'लू त्सोंग' असतं: आडनाव आणि पुढे त्सोंग. सरव्यवस्थापकाला 'त्सोंगचिंगली' आणि अध्यक्षाला 'त्सोंगत्साय' म्हणतात, त्यांचं पहिलं अक्षर घेऊन हाक मारतात. मराठीत चपखल बसणारा शब्द 'लू साहेब'. भाषांतरकाराला इंग्रजीत तसा शब्द सापडत नाही म्हणून तो प्रेसिडेंट, सीईओ, डायरेक्टर असं काहीही लिहितो. एकाच माणसाचं पद प्रत्येक भागात बदलतंय असं वाटलं तर चूक तुमची नाही. उपप्रमुखाला हाक मारतानाही 'उप' गाळून सरळ त्सोंग म्हणायची पद्धत आहे, म्हणून एका खोलीत तीन-तीन त्सोंग असतात.

बाकीच्या हाकाही ऐका. हाताखालच्या तरुणाला 'श्याओ वांग', म्हणजे धाकटा वांग. जुन्या सहकाऱ्याला 'लाओ वांग', थोरला. वयानं मोठ्या बाईला नावापुढे 'च्ये', म्हणजे ताई. पुरुषाला 'क', म्हणजे दादा. काम शिकवणाऱ्याला 'शिफू', गुरुजी किंवा उस्ताद म्हणा. कॉलेजात वरच्या वर्गात असलेल्याला 'श्युएचांग', आणि ही हाक नोकरीला लागल्यावरही सुटत नाही. नव्या ठिकाणी रुजू झालेली नायिका पहिल्या दिवशी ज्यांना ज्यांना हाक मारते ते लक्ष देऊन ऐकलंत, तर त्या ऑफिसाची सगळी उतरंड पाच मिनिटांत कळते.

८. चिनीत 'तू' आणि 'तुम्ही' असा फरक आहे का?

आहे, आणि इंग्रजी सबटायटल तो पूर्णपणे गिळून टाकतं. 'नी' म्हणजे तू, 'निन' म्हणजे तुम्ही किंवा आपण. सुरुवातीच्या भागांत नायिका साहेबांशी 'निन' बोलते. मग कधीतरी, बहुधा रागाच्या भरात किंवा फार थकलेली असताना, 'नी' निघून जातं. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'च. पण तिथे नायक एक क्षण थांबतो, कधी नुसती नजर वर करतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मालिका मागे नेऊन पुन्हा बघितली. 'अहो'वरून 'अरे'वर यायला आपल्याकडे किती दिवस लागतात ते ज्याला माहीत आहे, त्याला हा क्षण समजावून सांगावा लागत नाही.

फरक एवढाच की 'निन' आपल्या 'तुम्ही'इतकं सररास वापरत नाहीत. चीनच्या उत्तरेत, खास करून बीजिंगमध्ये ते जास्त कानावर येतं, दक्षिणेकडे कमी. त्यामुळे एखादी नायिका पहिल्या दिवसापासून 'नी' म्हणत असेल तर ती उद्धट आहे असं समजू नका. तिथे मान 'त्सोंग'मध्ये असतो (प्रश्न ७).

९. तो तिला 'ताई' म्हणतो आणि तिच्यावर प्रेमही करतो. हे कसं?

हा प्रश्न मला आयांकडून येतो, आणि बरोबर येतो, कारण मराठीत 'ताई' म्हटलं की विषय संपला. चिनीत 'च्ये' हे वयानं मोठ्या बाईला आदरानं जोडलेलं अक्षर आहे. त्यात भाऊबीज नाही. मोठी बाई आणि लहान पुरुष अशा जोडीला तिथे 'च्येती-ल्येन' म्हणतात, शब्दशः 'ताई-भावाचं प्रेम'. शब्द तसाच रूढ आहे आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. 'फाइंड युवरसेल्फ' याच प्रकारातली. मनातल्या मनात 'ताई'ऐवजी 'मॅडम' ऐका, म्हणजे अडणार नाही. उलट, ज्या दिवशी तो ते अक्षर गाळून नुसतं नाव घेतो, तो भाग चुकवू नका.

१०. ऑफिसं खरंच अशी असतात का? रात्री दहालाही सगळे तिथेच?

काचेच्या भिंती आणि नायिकेचं मोठं घर, हे खोटं. इतक्या पगारात शांघायमध्ये तसं घर परवडत नाही, अशी टीका चिनी प्रेक्षकही करतात. उशिरापर्यंत थांबणं मात्र खरं. 'नऊ-नऊ-सहा' हा शब्द ऐकला असेल: सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. तिथल्या कायद्यात रोजचे आठ तास आहेत. २०१९ मध्ये सॉफ्टवेअरवाल्यांनी या पद्धतीविरुद्ध इंटरनेटवर आवाज उठवला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणि श्रम खात्यानं ती बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. त्यानंतरच्या मालिकांत जादा कामाला नुसती मेहनत म्हणून मिरवणं कमी झालंय, असं मला जाणवतं. पूर्वी रात्री टेबलावर डोकं ठेवून झोपलेल्या नायिकेवर नायक कोट पांघरायचा आणि दृश्य गोड व्हायचं. आता कुणीतरी विचारतं, हिला घरी का पाठवलं नाही.

आणखी दोन गोष्टी खऱ्या. वर्षअखेरीचा कंपनीचा समारंभ, 'न्येनहुई', ज्यात साहेबांनाही गावं-नाचावं लागतं आणि बक्षिसांची सोडत निघते. आणि परगावाहून आलेली मुलं. राजधानीत नशीब काढायला आलेल्यांना 'पेइफ्याओ' म्हणतात, उत्तरेत तरंगणारे. भाड्याच्या खोलीत दोघी-तिघी, गावी फोनवर 'मस्त चाललंय'. तुम्हीही कुठून तरी पुण्याला किंवा मुंबईला आला असाल तर हे जास्त सांगायला नको.

११. प्रत्येक मालिकेत ग्राहकांसोबत दारूचं जेवण का असतं?

कारण व्यवहार तिथे पक्के होतात, किंवा होत असत. त्याला 'यिंगछौ' म्हणतात. गोल टेबल, मध्ये फिरती काच, आणि कडक पांढरी दारू. वरिष्ठानं पेला पुढे केला की नाही म्हणणं अवघड. अशा वेळी नायक नायिकेचा पेला घेऊन स्वतः पितो. यालाही नाव आहे: 'तांगच्यू', दारू अडवणं.

पेल्यांकडे बारकाईनं बघा. एकमेकांना पेला लावताना धाकट्यानं आपल्या पेल्याची कड मोठ्याच्या कडेच्या खाली ठेवायची असते. नवखी मुलगी पेला खाली नेते, समोरचा मोठा ग्राहक तो वर उचलायला सांगत नाही. आणि कधी एखादा वरिष्ठ मुद्दाम आपला पेला तिच्या पेल्याच्या खाली आणतो. संवाद काही नसतो. पण टेबलावरच्या सगळ्यांना कळतं की या मुलीला तो काय मानतो.

१२. ओठ आणि आवाज जुळत नाहीत. मी चुकून डब केलेली बघतेय का?

बहुधा नाही. चीनमध्ये चिनी मालिकाच चिनीत डब करतात. सेटवर गोंगाट असतो, काही नटांच्या बोलण्यात आपल्या भागाचा हेल असतो, आणि प्रसारणाला प्रमाण मँडरिन हवी असते. शिवाय नंतर एखादा संवाद बदलायचा झाला तर आवाजाच्या खोलीत बदलता येतो. म्हणून तीन वेगळ्या नायकांचा आवाज एकच वाटला तर तो एकच असू शकतो. प्येन च्यांग हे अशा आवाजांतलं मोठं नाव. स्त्री-आवाजांत ची क्वानलिन. अलीकडे नटांचा स्वतःचा आवाज ठेवलेल्या मालिका वाढल्या आहेत. अभिनय पारखायचा असेल तर त्या बघा. श्वास ऐकू येतो.

१३. भावुक प्रसंग चाललेला असताना अचानक दही नाहीतर क्रीम कुठून येतं?

जाहिरात आहे. पैसे देणाऱ्या कंपनीचा माल गोष्टीत घालतात, सगळे एकाच कंपनीचा फोन वापरतात. काही मालिकांत तर तेच नट त्याच पात्रांच्या वेशात मध्येच छोटा जाहिरातीचा तुकडा करतात. परदेशी प्रतींत तो बऱ्याचदा कापलेला असतो. पुढे सरकवा, काही चुकत नाही.

१४. मालकानंच कर्मचारी मुलीच्या मागे लागायचं, हे योग्य आहे का?

मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. जुन्या मालिकांत मनगट धरून ओढणं, न विचारता बदली करणं, फोन हिसकावणं हे सगळं प्रेम म्हणून दाखवलं आहे. ते प्रेम नाही, आणि मी ते बघताना पुढे सरकवते. चीनच्या नागरी संहितेत (१ जानेवारी २०२१ पासून लागू) कलम १०१० नुसार कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्याची आणि तक्रार घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे. पडद्यावर दोघं एकमेकांसाठीच बनलेले असतात. ऑफिसात ते कुणालाच माहीत नसतं.

माझी साधी कसोटी अशी: तिनं 'नाही' म्हटल्यावर तिची नोकरी सुरक्षित राहते का? चांगल्या मालिकांत याचं उत्तर गोष्टीतच येतं. ती दुसऱ्या विभागात जाते, कंपनी बदलते, किंवा तो स्वतः तिच्या मूल्यमापनातून बाजूला होतो. शेंडेफळासोबत बघत असाल तर हे मोठ्यानं बोला.

१५. घरच्यांसोबत बघता येतात का?

येतात. चुंबनं मोजकी, तीही बहुधा अर्धी मालिका झाल्यावर. त्यापुढे दिवा मालवतात. शिवीगाळ जवळपास नाही. सासू, आई, स्थळं, नातेवाईक इतके असतात की माझ्या आईला पाचव्या भागापासून सबटायटलची गरज उरली नव्हती.

१६. लग्नासाठी ती घरून कसली वही चोरते?

ती 'हूखौ'ची पुस्तिका. कुटुंबाची सरकारी नोंद, आपल्या रेशनकार्डासारखी, पण तिच्यावर कुठल्या शहरात शाळा-दवाखान्याच्या सवलती मिळतील तेही ठरतं. लग्नाची नोंदणी करायला दोघांच्याही हूखौची पुस्तिका लागत असे, आणि ती आईवडिलांच्या कपाटात असते. म्हणजे मुलगा बावीस आणि मुलगी वीस वर्षांची पूर्ण झाली की कायद्यानं लग्न करता येतं, पण कागद आईच्या किल्लीखाली. म्हणून चोरी. मध्यरात्री कपाट उघडणारी, धूळ उडवत जुन्या अल्बमखाली हात घालणारी तीस वर्षांची कमावती बाई हे दृश्य गमतीचं म्हणून येतं, पण मला ते बघून नेहमी पोटात तुटतं.

१० मे २०२५ पासून नियम बदलला. आता ओळखपत्र आणि आधीचा जोडीदार नसल्याचं व एकमेकांशी जवळचं रक्ताचं नातं नसल्याचं सहीचं निवेदन पुरतं, आणि देशात कुठेही नोंदणी करता येते. तेव्हा यानंतरच्या काळात घडणाऱ्या गोष्टीत कोणी पुस्तिका चोरत असेल तर लेखकाचं लक्ष नव्हतं असं समजा.

नोंदणीनंतर मिळतात त्या दोन लाल पुस्तिका, प्रत्येकाला एक, आत लाल पार्श्वभूमीवर दोघांचा जोडफोटो. कायद्यानं लग्न इथेच लागतं; जेवणावळ नंतर, कधी महिन्यांनी. 'लग्न तर झालं, मग हे पुन्हा लग्न का ठरवताहेत' याचं उत्तर हेच.

१७. ५२० म्हणजे काय?

पाच-दोन-शून्य चिनीत 'वू-अर-लिंग' असं म्हणतात, आणि ते 'वो आय नी'च्या (माझं तुझ्यावर प्रेम आहे) जवळ जातं. म्हणून २० मे हा प्रेमाचा दिवस. फोनवर कोणी ५२० युआन पाठवले तर ते पगाराचे नाहीत. १३१४ म्हणजे जन्मभर.

१८. पंचविसाव्या भागानंतर कंटाळा येतो. सोडून देऊ का?

तिथे जवळपास सगळ्याच घसरतात. जुनी प्रेयसी परत येते, कंपनीवर संकट, एक गैरसमज जो एका फोननं मिटला असता. दुय्यम जोडीची गोष्ट आवडत नसेल तर ती गाळून मुख्य जोडी बघा. पण शेवटचे दोन भाग गाळू नका. या प्रकारात शेवट गोड असतो हे माहीत असलं तरी, तो कुठल्या वाटेनं गोड होतो यावरून मालिका मला लक्षात राहते.

१९. फोनवर येणाऱ्या दोन-दोन मिनिटांच्या 'अब्जाधीश मालक' मालिका याच का?

नाहीत. त्या उभ्या पडद्यासाठी केलेल्या लघुमालिका, प्रत्येक भाग मिनिट-दोन मिनिटांचा आणि प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का. पहिले काही फुकट, मग पैसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये चीनच्या प्रसारण खात्यानंच अशा 'अरेराव मालक' लघुमालिकांना चाप लावणारी सूचना काढली. पैसे भरण्याआधी एकूण किती भाग आणि किती खर्च ते बघा.

२०. प्रेम जमल्यावरही ती त्याला पुन्हा 'लू त्सोंग' का म्हणते? भांडण झालं का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि याला एक उत्तर नाही. सातवा आणि आठवा प्रश्न आधी वाचा, मग तीन गोष्टी बघा.

खोलीत तिसरं कोणी आहे का? असेल तर ती नातं लपवते आहे, एवढंच. खोलीत दोघंच आहेत आणि सोबत 'निन' पण आलं, तर ती दुखावली आहे. आपल्याकडे बायको अचानक 'बरं साहेब, जशी आपली मर्जी' म्हणते तेव्हा जे घडलेलं असतं, तेच. आणि 'त्सोंग' म्हणतेय पण 'नी'च आहे, शेवटचा स्वर लांबवलेला, तर ती लाडात आली आहे.

पूर्ण नावाचंही असंच. चिनीत आडनावासकट पूर्ण नाव घेणं दोस्तांत चालतं, पण प्रेमात पडल्यावर बहुधा आडनाव गळतं. ते परत आलं की समजा काहीतरी बिनसलंय. याला अपवाद शाळेपासून ओळखणाऱ्या जोड्यांचा. 'यू आर माय ग्लोरी'तली दोघं वर्गमित्र आहेत, आणि वर्गात हजेरी पूर्ण नावानंच होते. अशांच्या तोंडी पूर्ण नाव म्हणजे सगळ्यात जुनी ओळख. तिथे ती आडनावासकट हाक मारते तेव्हा आवाज बंद करून नुसता त्याचा चेहरा बघा: तो वळायच्या आधीच हसायला लागलेला असतो.